पाण्याखालची भूमी : प्रस्तावना

घरी मत्स्यालय ठेवण्याची इच्छा ज्याच्या मनात उत्पन्न झाली आहे असा गृहस्थ बाजारात जातो, तेव्हा त्याच्या खरेदीचा क्रम बहुधा ठरलेला असतो. प्रथम मासे पसंत होतात, मग त्या माशांना पुरेल अशी काचेची टाकी, मग दिवा आणि हवेचा पंप. आणि सर्व हिशेब होऊन पाकिटात जी रक्कम उरते तिच्यात दुकानदार आपल्या मर्जीने एक पिशवी रंगीत खडे आणि दोनचार जुड्या हिरव्या पाल्याच्या बांधून देतो. हा क्रम उलटा व्हावा, एवढ्या एकाच आग्रहापोटी प्रस्तुत पुस्तक लिहिले गेले आहे. तळाशी कोणती रेती पसरावयाची आणि तिच्यात कोणती वनस्पती लावावयाची हा मुळात एकच प्रश्न आहे. तो आधी सुटावा, आणि मासे त्या उत्तराला अनुसरून सर्वांत शेवटी घरात यावेत.

हे म्हणणे प्रथमदर्शनी विक्षिप्त वाटेल. पाहणाऱ्याचे लक्ष हलणाऱ्या वस्तूकडे आधी जाते, आणि मासा हलतो, वनस्पती जवळजवळ हलत नाही, रेती तर मुळीच हलत नाही. परंतु टाकीतील पाणी ज्या व्यवहारामुळे निर्मळ राहते तो सारा व्यवहार या न हलणाऱ्या मंडळींच्या हाती असतो. माशांच्या उत्सर्गातून व उरल्या अन्नातून अमोनिया उत्पन्न होतो, तो माशांना विषवत आहे. रेतीच्या कणाकणावर वस्ती करून राहिलेले सूक्ष्म जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि नंतर पुष्कळच कमी अपायकारक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. आणि हे नायट्रेट, किंबहुना त्याच्याही आधी तो अमोनियाच, वनस्पती आपल्या पोषणासाठी उचलतात. सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शेतजमिनीतील ज्या नत्रीकरणाचा उलगडा केला, तेच येथे काचेच्या चार भिंतींआड अहोरात्र चाललेले असते. टाकीच्या तळाला म्हणूनच जमिनीप्रमाणे पोत असतो, कस असतो, आणि निवड चुकली तर नापिकीही असते.

दाण्याच्या मापाचाच प्रश्न घ्या. दोन ते चार मिलिमीटरांचा, पाण्याने झिजून गुळगुळीत झालेला दाणा बहुतेक वनस्पतींना मानवतो. त्याहून पुष्कळ जाड खडे घातले, तर माशांचे न खाल्लेले अन्न फटींतून खाली उतरते आणि जेथे कोणाचेच तोंड पोहोचत नाही तेथे कुजत राहते. पिठासारखी बारीक वाळू घातली, तर ती दबून घट्ट बसते, तिच्यातून प्राणवायू खेळत नाही, आणि काही महिन्यांनी काचेच्या कडेने काळे डाग दिसू लागून काडी खुपसताच नासक्या अंड्याचा दर्प येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. बांधकामाची फोडलेली खडी स्वस्त खरी, पण तिच्या धारदार कडांनी तळाशी चरणाऱ्या माशांच्या मिशा झिजतात. प्रमाणाविषयीही लोकांची कल्पना फार तोकडी असते. साठ सेंटिमीटर लांब आणि तीस सेंटिमीटर रुंद अशा दोन फुटी टाकीत केवळ 5 सेंटिमीटर जाडीचा थर द्यावयाचा म्हटले तरी सुमारे 14 किलो रेती लागते. दुकानातील ती शोभिवंत पिशवी त्या मानाने दिवाळीच्या किल्ल्याला पुरेल एवढीच असते.

रंगाविषयी मी थोडा पक्षपाती आहे, आणि तो पक्षपात येथेच उघड केलेला बरा. निळे, गुलाबी व शुभ्र रंगवलेले खडे मला आवडत नाहीत. पण या नावडीला रुचीपलीकडचाही एक आधार आहे. मधमाश्यांच्या अभ्यासाने पुढे जगद्विख्यात झालेले कार्ल फॉन फ्रिश यांनी आपल्या उमेदीच्या काळात माशांच्या वर्णपरिवर्तनावर संशोधन केले होते. भोवतालच्या उजळ वा गडद पृष्ठभागाप्रमाणे मासा आपल्या कातडीचा रंग फिका वा गहिरा करतो, हे त्या विषयाच्या अभ्यासकांना तेव्हापासून चांगले परिचित आहे. तात्पर्य, पांढऱ्या खड्यांवर ठेवलेला मासा फिकुटतो, आणि मग त्याच मालकाकडून रंग खुलवणाऱ्या खाद्याची मागणी होते!

रेतीत चुना आहे की नाही याची परीक्षा मात्र कोणालाही घरी करता येते. मूठभर कोरड्या रेतीवर व्हिनेगर ओतावे. बुडबुडे उठले तर तिच्यात शिंपल्यांचा, प्रवाळाचा किंवा चुनखडीचा अंश आहे आणि ती पाणी हळूहळू जड करीत राहील, असे समजावे. आपल्या कोकणकिनाऱ्यावरील वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, म्हणून ती बहुधा या परीक्षेत नापास होते. दख्खनच्या काळ्या पाषाणाची नदीत झिजलेली रेती प्रायः उत्तीर्ण होते. तथापि चुना हा सर्वत्र गुन्हेगार नव्हे. नगरपालिका डासांच्या अळ्या खाण्यासाठी विहिरींत सोडतात ते गप्पी मासे जड पाण्यात सुखाने नांदतात.

वनस्पती व मासे यांचा हा परस्परावलंबी संसार मनुष्याच्या ध्यानात यावयास बराच काळ लागला. पाण्यात बुडवलेली हिरवी पाने उन्हात ठेवली की त्यांतून प्राणवायूचे बुडबुडे निघतात आणि अंधारात ते थांबतात, हे यान इंगेनहाउझ यांनी 1779 मध्ये प्रसिद्ध केले. पुढे लंडनचे वैद्य नथॅनिएल वॉर्ड यांनी बंदिस्त काचपेटीत वनस्पती महिनोन्महिने जगवून दाखवल्या आणि त्याविषयीचा ग्रंथ 1842 मध्ये लिहिला. परंतु ज्याला खऱ्या अर्थाने आजच्या गृहमत्स्यालयाचा मूळपुरुष म्हणता येईल तो रॉबर्ट वॉरिंग्टन हा रसायनशास्त्रज्ञ. 1849 मध्ये त्याने एका काचपात्रात वाळू, चिखल व काही दगड घालून व्हॅलिस्नेरियाचे रोप लावले आणि दोन सोनेरी मासे सोडले. मासे जगले, पण वनस्पतीची जुनी पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले. तेव्हा त्याने तळ्यातील गोगलगाई आणून सोडल्या, त्यांनी कुजकी पाने फस्त केली, आणि पात्र पुन्हा स्वच्छ झाले. 1850 मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडलेल्या या हकीकतीत रेती, वनस्पती, मासा व सफाई कामगार अशी चारही खाती पहिल्यांदा एकत्र आली, आणि त्यांतील सर्वांत आधीचे खाते रेतीचे होते, हे विसरता कामा नये. त्यानंतर 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, 1854 मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचे ‘द अ‍ॅक्वेरियम’ प्रसिद्ध झाले, आणि काही वर्षे सधन इंग्रजांच्या दिवाणखान्यांत काचपात्रांची लाट उसळली. दोन वर्षांनी जर्मनीत एमिल रोसमेस्लर यांच्या लेखाने तोच छंद तिकडे रुजवला.

वनस्पतीला केवळ प्राणवायूचा पुरवठादार न मानता तिच्याकडे उद्यानकलेच्या दृष्टीने पाहण्याचे श्रेय मात्र डच लोकांकडे जाते. तेथील हौशी मंडळींचा राष्ट्रीय संघ 1930 मध्ये स्थापन झाला आणि त्याच्या छायेत एक स्वतंत्र संप्रदाय वाढला. एकाच जातीची रोपे पुंजक्याने लावावीत, शेजारच्या पुंजक्याचा रंग व पानाची घडण त्याहून भिन्न असावी, आणि समोरून मागे तिरपी चढत जाणारी एखादी ‘गल्ली’ असावी, जिला ते लायडन शहराच्या नावाने ओळखतात, असे त्याचे दंडक. मला या संप्रदायातील सर्वांत मनोज्ञ गोष्ट वाटते ती परीक्षणाची: टाकी प्रदर्शनात न्यावयाची नसते, परीक्षकच स्पर्धकाच्या घरी जातात. ज्या टाकीत मुळे रुजलेली आहेत ती उचलून नेता येत नाही, या साध्या वस्तुस्थितीचा हा मान आहे.

याच्या पुढचा काळ यंत्रांचा. रेतीखाली छिद्रांची प्लास्टिकची तबकडी बसवून हवेच्या पंपाने पाणी रेतीतून खाली खेचणारी चाळणी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घरोघर पोहोचली. मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्ये सुरू झाले आणि तेथून परतलेल्या मुलांच्या हट्टाने मध्यमवर्गीय घरांत जी टाकी आली ती याच घडणीची होती: खाली तबकडी, वर रंगीत खडे, प्लास्टिकची झाडे, आणि बुडबुडे सोडीत झाकण उघडणारी खजिन्याची पेटी. या व्यवस्थेत जीवाणूंची सोय झाली. वनस्पतीची मात्र आबाळ झाली, कारण मुळांभोवती सतत वाहणारे पाणी खत टिकू देत नाही. शिवाय सारी मदार विजेवर. भारनियमनाच्या दिवसांत ज्यांच्याकडे पंप तासन् तास बंद पडत असे त्यांना मेलेल्या माशांचे कारण निराळे सांगावयास नको. दाट लावलेल्या, मोजक्याच माशांच्या टाकीला असा आघात पुष्कळ सोसतो. अर्थात रात्री वनस्पतीही प्राणवायू खातात, तेव्हा ती हमी अमर्याद नाही.

वनस्पतींचा कैवार पुन्हा घेतला गेला तो जर्मनीत, आणि या प्रकरणाशी आपल्या मुलखाचा संबंध इतका निकटचा आहे की येथे थोडे रेंगाळणे वाचक क्षम्य मानील. 1980 च्या दशकात कास्पार होर्स्ट व होर्स्ट किप्पर या जर्मन अभ्यासकांनी टाकीच्या तळाच्या थरात जांभा मिसळण्याचा पुरस्कार केला. उष्ण कटिबंधातील पुष्कळ पाणवनस्पतींना लोहाची भूक मोठी. लोहाचा तुटवडा पडला की नव्या पानांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. पाण्यात घातलेले लोह प्राणवायूच्या सान्निध्यात लवकरच अविद्राव्य होऊन बसते. पण रेतीच्या खालच्या, प्राणवायू कमी असलेल्या थरात ते विरघळलेल्या रूपात मुळांना मिळू शकते, आणि जांभ्याची चिकणमाती हे व इतर पोषक द्रव्ये धरून ठेवते. आता गंमत अशी, की ज्या दगडाच्या चिऱ्यांनी रत्नागिरी-सिंधुदुर्गाची घरे व गोव्यातील देवळे-चर्च उभी आहेत त्या या दगडाला शास्त्रात ‘लॅटराइट’ हे नाव दिले फ्रान्सिस बुकॅनन या कंपनी सरकारच्या डॉक्टराने. टिपूच्या पाडावानंतर त्याला म्हैसूर, कानडा व मलबार या प्रांतांची पाहणी करण्यास पाठवण्यात आले. मलबारात अंगाडिपुरम येथे त्याने ओला असताना अवजाराने कापता येणारा आणि उघड्या हवेत कठीण होणारा हा दगड पाहिला, आणि 1807 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तात त्याचे वर्णन केले. हाच गृहस्थ पुढे हॅमिल्टन हे आडनाव लावू लागला, आणि गंगेच्या खोऱ्यातील माशांवरचा त्याचा ग्रंथ 1822 मध्ये निघाला. आज जगभरच्या टाक्यांत आणि प्रयोगशाळांत पोहणारा पट्ट्यांचा झेब्रा मासा, गुलाबी झाक असलेला रोझी बार्ब, आणि फेसाच्या घरट्यात पाणवनस्पतीचे तुकडे विणणारा चिमुकला गौरामी या तिघांचीही पहिली शास्त्रीय नोंद त्याच ग्रंथातली. मत्स्यालयाची माती आणि मत्स्यालयाचा मासा, दोहोंच्या दफ्तरी एकाच माणसाची सही असावी हा योगायोग खरा. पण ती दोन्ही दफ्तरे भारतातील आहेत, आणि तरीही आपला हौशी गृहस्थ तळासाठी परदेशी पाकीट शोधत हिंडतो, हे मात्र खटकते. ताज्या जांभ्याची भुकटी पाणी लाल करते, ती अनेकवार धुवावी लागते व नेहमी रेतीखालीच दाबावी लागते, इतके पथ्य पाळले की कोकणात हे द्रव्य अंगणात पडलेले आहे.

यानंतरचे दोन संप्रदाय आजच्या वाचकाला अधिक ओळखीचे असतील. जपानमधील निइगाता येथील छायाचित्रकार ताकाशी अमानो (1954–2015) यांनी डच बागेची वाफेबंद शिस्त बाजूस सारून डोंगर, कुरण व अरण्य यांचे भास टाकीत उभे केले. विषम संख्येने मांडलेले दगड, त्यांत एक प्रमुख, आणि भोवती गालिच्यासारखी पसरलेली बुटकी गवते, ही त्यांची इवागुमी रचना जगभर अनुकरणीय ठरली. साध्या रेतीऐवजी भाजलेल्या मातीचे दाणे वापरण्याची पद्धतही त्यांच्याच संस्थेमुळे रूढ झाली. हे दाणे पाणी मऊ व किंचित आम्ल करतात, रोपांना प्रारंभी भरपूर खुराक देतात, आणि काही वर्षांत विरघळून निकामी होतात. या पंथाचे सौंदर्य मला मान्य आहे, त्याचा जमाखर्च मात्र सामान्य गृहस्थाला झेपणारा नाही: प्रखर दिवे, कार्बन डायऑक्साइडची नळकांडी, आठवड्याची छाटणी. त्याच्या अगदी विरुद्ध टोकाला डायना वॉलस्टॅड या अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाई उभ्या आहेत. त्यांच्या 1999 च्या ग्रंथाने तळाशी साधी बागेतील माती सुमारे इंचभर, वर तेवढीच रेती, मध्यम प्रकाश, आणि माशांचे खाद्य हेच झाडांचे खत, असा निर्वाह सांगितला. झाडे नायट्रेटपेक्षा अमोनियाच आधी उचलतात, सबब दाट लागवड हीच उत्तम चाळणी, असे त्यांचे साधार प्रतिपादन. प्रस्तुत पुस्तकाचा कल या दुसऱ्या पंथाकडे आहे, हे वाचकाच्या ध्यानात लवकरच येईल. मात्र मातीत शेणखत मिसळण्याचा जो उत्साह आपल्याकडे कुंडीच्या सवयीने येतो तो पाण्याखाली प्राणघातक ठरतो.

या साऱ्या वादांतून नवशिक्याने काय उचलावे? माझ्या मते वनस्पती कोठून जेवते, एवढा एकच प्रश्न त्याने प्रत्येक रोपाला विचारावा. क्रिप्टोकोरिन, अ‍ॅमेझॉन सोर्ड, व्हॅलिस्नेरिया ही मंडळी मुळांनी जेवतात; त्यांना खोल व सकस तळ हवा. जावा फर्न व अ‍ॅन्युबियस यांना रेतीची गरजच नाही. त्यांचे आडवे खोड दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधावयाचे असते, आणि ते रेतीत पुरले की कुजते, तरी दरवर्षी किती रोपे अशी भक्तिभावाने पुरली जात असतील! रोटाला, हायग्रोफिला यांसारखी उभ्या देठाची झाडे दोन्ही मार्गांनी घेतात. मग पाण्याचा विचार. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा या सह्याद्रीतील जलाशयांचे पाणी येते, ते मऊ. पठारावर विंधन विहिरीचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड. व्हॅलिस्नेरिया जड पाण्यातील बायकार्बोनेटमधून आपला कर्ब मिळवू शकते, म्हणून जेथे इतर झाडे रडतात तेथे ती माजते. आणि नवे क्रिप्टोकोरिन लावल्यावर पंधरवड्यात त्याची सर्व पाने विरघळून गेली तर दुकानदाराशी भांडू नये. रोपवाटिकेत ते पाण्याबाहेर वाढवलेले असते, आणि कंद शाबूत असेल तर पाण्यातील नवी पाने येतात.

या विषयाची आजच निकड का, हेही सांगितले पाहिजे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला माती उरलेली नाही, आणि स्वस्त एलईडी दिव्यांनी व ऊतिसंवर्धित रोपांच्या डब्यांनी पाण्याखालची बाग त्याच्या आवाक्यात आणली आहे. पण ज्या वाटेने रोपे येतात त्याच वाटेने ती निसटतातही. दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी आणलेल्या जलपर्णीने पवना, इंद्रायणी आणि कोल्हापूरचा रंकाळा यांची जी अवस्था केली ती आपण पाहतो आहोत. केरळात कोळिकोड जिल्ह्यातील पेरांब्रा येथे 2020 मध्ये कालवाभर गुलाबी फुले फुलली म्हणून लोकांची झुंबड उडाली, ती फुले कॅबोम्बाची, मत्स्यालयाच्या व्यापारातील आगंतुकाची होती. उलट बाजूने पाहिले तर आपल्या ओढ्यांतील हायड्रिला 1950 च्या सुमारास याच व्यापाराने फ्लोरिडात पोहोचली व तेथील सरोवरे तिने गुदमरवली, आणि भारतातील हायग्रोफिला पॉलिस्पर्मा अमेरिकेच्या संघीय उपद्रवी तणांच्या यादीत जाऊन बसली. तेव्हा टाकी मोडताना पाला ओढ्यात अगर तळ्यात टाकू नये, तो उन्हात वाळवावा, एवढे फर्मान हे पुस्तक निःसंकोचपणे काढते.

स्थानिक वनस्पतींविषयी मात्र माझे मन दुभंगलेले आहे. पश्चिम घाटाची रोटाला मॅक्रॅन्ड्रा, जिच्या रक्तवर्णी पानांवर युरोपातील हौशी लोक लुब्ध आहेत, ती आपल्या बाजारात कित्येकदा परदेशी रोपवाटिकेचे नाव लावून येते. कोकणातील नद्यांत गोट्यांच्या फटींत मुळे रोवून पुराचा मार सोसणारे क्रिप्टोकोरिन रेट्रोस्पायरॅलिस आपल्याच लोकांना ठाऊक नाही. हे ज्ञान वाढावे असे मनापासून वाटते. पण ज्ञानाच्या मागोमाग उपटणारे हातही येतात, आणि साताऱ्याच्या पठारांवरील वायतुरा हा त्या बाबतीत धडधडीत इशारा आहे. पावसाळ्यात फुलून उरलेले वर्ष कंदरूपाने जमिनीत निजणारी ही प्रदेशनिष्ठ वनस्पती बारमाही भरलेल्या टाकीत तग धरणार नाही. तेथून उपटलेला प्रत्येक कंद म्हणजे निव्वळ तूट. कास पठार 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात समाविष्ट आहे, तेथून काहीही उचलावयाचे नाही. म्हणून या पुस्तकात देशी वनस्पती वर्णिल्या आहेत त्या ओळख व्हावी म्हणून. टाकीसाठी शिफारस केली आहे ती केवळ रोपवाटिकेत वाढवलेल्यांची. नदीतील वाळूउपशाचा प्रश्न याहून मोठा आहे, आणि 14 किलोंनी नदी आटत नाही हे खरे असले तरी रेती चाळून विकणाऱ्याकडून पावतीनिशी घ्यावी, हे मत मी सोडणार नाही.

आता या ग्रंथाच्या हद्दीविषयी. खाऱ्या पाण्याची मत्स्यालये, प्रवाळ, माशांची पैदास व रोगचिकित्सा हे विषय येथे घेतलेले नाहीत, कारण त्यांना स्वतंत्र ग्रंथ हवेत. वास्तुशास्त्र किंवा फेंगशुईप्रमाणे टाकीची दिशा कोणती असावी याचाही निर्णय येथे मिळणार नाही, फक्त खिडकीतील थेट उन्हात ती ठेवली तर शेवाळ माजेल इतके सांगितले आहे. वनस्पतींची शास्त्रीय नावेच देवनागरीत दिली आहेत, कारण बाजारात एकाच नावाखाली चार झाडे विकली जातात. यंत्रसामग्रीच्या किमती मुद्दाम दिलेल्या नाहीत. पुस्तक अथपासून इतिपर्यंत क्रमाने वाचलेच पाहिजे असे नाही: ज्यांच्याकडे नळाला धरणाचे पाणी येते त्यांनी रेतीच्या प्रकरणापासून आरंभ करावा, ज्यांच्याकडे विंधन विहीर आहे त्यांनी जड पाण्याचे प्रकरण आधी वाचून, व्हिनेगरची बाटली हाताशी ठेवून, मग रेतीकडे वळावे.